फीडरच्या शेवटच्या टोकाला

(सुपेला, भिलाई येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गावात ब्लास्ट फर्नेस रात्रंदिवस धगधगते, त्या गावात दोन-तीन किलोवॅटच्या सौर संचावर तासभर बोलायचे तर त्याला तसेच सबळ कारण हवे. ते आधीच सांगून टाकतो. सौर ऊर्जेची चर्चा आपल्याकडे गिगावॅटमध्ये चालते. २०२५ च्या जानेवारीत देशाची सौर क्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. पंधरा वर्षांपूर्वी, राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले तेव्हा, हा आकडा कुणी उच्चारला असता तर लोकांनी मान हलवून विषय बदलला असता. हे मोठे काम आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण या हिशेबात छोटा प्रकल्प बेरजेच्या शेवटी कुठेतरी दिसतो, मोठ्या प्रकल्पाचे धाकटे भावंड म्हणून. मला ते मान्य नाही. छोट्या प्रकल्पाचे कामच निराळे आहे. मोठ्या प्रकल्पाची वीज जिथे पोचेपर्यंत थकून जाते तिथे, म्हणजे फीडरच्या शेवटच्या टोकाला, तो उपयोगी पडतो. आणि तो टिकणार की बंद पडणार, हे त्याच्या देखभालीला कोण बांधील आहे यावर ठरते. आज मला एवढेच मांडायचे आहे, मात्र ते नीट मांडायचे आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सारी नोकरी भिलाईच्या पोलाद प्लांटच्या विद्युत विभागात गेली. त्यांच्या हाताखाली शिकलेले कितीतरी जण आज समोर बसले आहेत. यंत्र सुरू करण्यापेक्षा ते सुरू ठेवणे अवघड असते, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

एक योगायोग पाहा. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर घट दाखवला गेला तो १९५४ च्या एप्रिलमध्ये. अंगावर पडणाऱ्या उन्हापैकी साधारण सहा टक्के ऊर्जा तो विजेत बदलत असे. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तेव्हा २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. सौर घट आणि भिलाई जवळजवळ एकाच वयाचे. त्या काळात आपण पोलाद निवडले, आणि ते योग्यच होते. रूळ, पूल, धरणे यांच्याशिवाय देश उभा राहिला नसता.

इथेच एक गैरसमज दूर करतो. पॅनलच्या विजेवर ब्लास्ट फर्नेस चालणार नाही. त्या भट्टीतला कोक फक्त उष्णता देण्यासाठी नसतो. लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घेण्याचे रासायनिक काम तो करतो. ते काम दुसऱ्या कशाने तरी, उद्या कदाचित हायड्रोजनने, करावे लागेल. तो स्वतंत्र आणि लांबचा विषय आहे. प्लांटसाठी मरोदा जलाशयावर १५ मेगावॅटचा तरंगता सौर प्रकल्प हाती घेतला गेला, त्याचे मी स्वागत करतो. पण त्याने पोलादाचा कोळसा सुटेल असे कुणी म्हणू नये. सौर ऊर्जेला न पेलणारी आश्वासने तिच्या गळ्यात घातली की पुढे निराशाच पदरी येते.

आता छोट्या प्रकल्पांकडे वळतो. यासाठी कुठे लांब जायला नको, कारण या विषयातला देशातला एक मोठा अनुभव आपल्याच राज्याच्या गाठीशी आहे. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगढ राज्य झाले आणि पुढच्याच वर्षी अपारंपरिक ऊर्जेसाठी क्रेडा ही शासकीय संस्था सुरू झाली. कोरब्याला कोळशाची वीज ओसंडून वाहत होती, आणि त्याच कोरबा जिल्ह्यातल्या जंगलपट्ट्यात, तसेच बस्तर आणि सरगुज्याच्या पाड्यांत, रात्री रॉकेलची ढिबरी जळत होती. जंगलातून खांब टाकायला परवानगी नाही, टाकले तरी पाच-पन्नास घरांसाठी तो खर्च वितरण कंपनीला झेपत नाही. तिथे क्रेडाने काही किलोवॅटचे सौर संच बसवले, बॅटऱ्यांची खोली बांधली आणि गावातल्या गावात तारा ओढून घरोघरी दिवे दिले.

असे संच देशात इतरत्रही बसले होते आणि बहुतेक ठिकाणी दोन-तीन पावसाळ्यांत बंद पडले. छत्तीसगढमध्ये ते जास्त काळ चालले, आणि यामागचे कारण तांत्रिक नव्हते. गावातलाच एक माणूस नेमला होता. पॅनल पुसायचे, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे, संध्याकाळी ठरल्या वेळी स्विच टाकायचा आणि बिघाड झाला तर निरोप द्यायचा, हे त्याचे काम. दहा-पंधरा गावांमागे एक तंत्रज्ञ. तो मोटरसायकलवर फिरे. त्याच्या वर क्रेडाची देखरेख, दर महिन्याच्या अहवालासह. देखभालीसाठी घरामागे महिन्याला ३० रुपये धरले होते. त्यातले २५ रुपये शासन भरी, ५ रुपये कुटुंब देई. रक्कम किरकोळ वाटते, पण बिघाड झाल्यावर कुणाला सांगायचे आणि दुरुस्तीचे पैसे कुठून येणार, या दोन प्रश्नांची उत्तरे संच बसण्याआधीच तयार होती. वीज क्षेत्रातल्या किती योजनांबद्दल आपण असे म्हणू शकतो?

त्या व्यवस्थेत उणीवही होती. दोन दिव्यांपुरता ठराविक दर असल्यामुळे कुणी गुपचूप टीव्ही जोडला की सगळ्या गावाची बॅटरी रात्री नऊलाच बसायची. या दुखण्यावरचे औषध आपल्याला महाराष्ट्रात सापडते. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात दरेवाडी नावाची डोंगरातली छोटी वस्ती आहे. २०१२ मध्ये तिथे ग्रामऊर्जा या पुण्याच्या कंपनीने ९.४ किलोवॅटचा सौर संच उभारला. घरे ३९. इथे पहिल्या दिवसापासून प्रत्येक घराला मीटर होते. वापराल तेवढे भरा. युनिटचा दर सरकारी विजेच्या कितीतरी पट होता, तरी लोकांनी भरला, कारण रॉकेल आणि टॉर्चच्या सेलवर होणारा खर्च त्यांना तोंडपाठ होता. पैसे गावाच्याच विश्वस्त मंडळाच्या खात्यात जमा होत, बॅटरी बदलायची वेळ येईल तेव्हासाठी. गरिबांना फुकटच द्यावे लागते हा आपल्या मनातला पक्का समज दरेवाडीने खोडून काढला. लोक भरवशाच्या विजेला पैसे द्यायला तयार असतात. त्यांची तक्रार असते ती बिल येते आणि वीज येत नाही याची.

छोट्या संचाचे मोल मला सगळ्यात ठळक दिसते ते प्राथमिक आरोग्य केंद्रात. छत्तीसगढमधल्या शेकडो आरोग्य केंद्रांच्या छतांवर क्रेडाने सौर संच बसवले, साधारण दोन किलोवॅटचे. त्यांचा काय उपयोग झाला हे तपासणारा एक अभ्यास दिल्लीच्या सीईईडब्ल्यू या संशोधन संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. सकाळी नऊ ते दुपारी चार या ऐन ओपीडीच्या वेळेत वीज जाते, असे दहापैकी नऊहून अधिक केंद्रांनी सांगितले होते. व्होल्टेजच्या चढउताराने उपकरणे जळण्याच्या तक्रारी वेगळ्याच. सौर संच असलेल्या केंद्रांत, तो नसलेल्या केंद्रांच्या तुलनेत, रुग्णांची संख्या दीडपटीहून जास्त होती आणि महिन्याला होणारी बाळंतपणे जवळपास दुप्पट.

हा सगळा फरक एकट्या विजेने पडला असे मी म्हणणार नाही. जिथे डॉक्टर चांगला तिथे इतरही गोष्टी चांगल्या असतात. पण रात्रीच्या बाळंतपणाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. नर्सच्या एका हातात मोबाईलचा उजेड, दुसऱ्या हाताने टाके. नवजात बाळाला ऊब देणारा वॉर्मर भिंतीला नुसता उभा. लशींच्या फ्रीजचे तापमान २ ते ८ अंशांच्या मध्ये राहायला हवे, आणि वीज नेमकी किती वाजता गेली होती हे सकाळी कुणालाच सांगता येत नाही. ज्या बाईला रात्री दिवा नसल्याचे ठाऊक आहे ती त्या केंद्रात येतच नाही. ती घरीच राहते किंवा पन्नास किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयाकडे गाडी करून निघते. दोन किलोवॅटने देशाच्या ऊर्जेच्या तक्त्यात दशांशचिन्हानंतरचाही आकडा हलत नाही. त्या बाईच्या आयुष्यात तो हलतो. म्हणून मी म्हणतो की छोट्या प्रकल्पाला त्याच्या किलोवॅटांवरून जोखू नका.

याच्या एक पायरी वरचा प्रकल्प म्हणजे शेतीच्या फीडरवरचा. केंद्राच्या कुसुम योजनेत ५०० किलोवॅटपासून २ मेगावॅटपर्यंतचे प्रकल्प उपकेंद्राच्या जवळपास, पडीक जमिनीवर उभारायची तरतूद आहे. मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते. महाराष्ट्राने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा, बराच मोठा टप्पा सुरू केला. त्यातला पहिला प्रकल्प २०२४ च्या सप्टेंबरमध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला. क्षमता ३ मेगावॅट, लाभ सतराशेहून अधिक शेतकऱ्यांना. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला विचारा, तो युनिटच्या दराबद्दल नंतर बोलेल. आधी सांगेल की रात्री दोन वाजता मोटर सुरू करायला बांधावरून जावे लागत नाही. साप, विंचू, ओल्या डबक्यातली उघडी वायर आणि झोपेने जड झालेले पाय. शेतीला रात्रीची वीज देण्यात आपण किती माणसे गमावली याची मोजदाद कुठल्या अनुदानाच्या फायलीत होत नाही. सूर्य दिवसा उगवतो, आणि इथे नेमके तेच हवे असते.

आपल्या बाजूला हेच काम सौर सुजला योजनेने वेगळ्या रीतीने केले. २०१६ च्या राज्य स्थापना दिनी ती सुरू झाली. ३ आणि ५ अश्वशक्तीचे सौर पंप शेतकऱ्याला अगदी थोड्या रकमेत मिळतात, आणि एक लाखाहून अधिक पंप बसले आहेत. दोन्ही वाटांची तुलना केली तर मी फीडरच्या बाजूने झुकतो. पंप वर्षातले बरेच दिवस बंद असतो आणि तेवढे दिवस त्याचे पॅनल नुसते ऊन खात बसते. फीडरवरच्या प्रकल्पाची वीज गावात कुणीतरी वापरतोच. शिवाय ती जवळून येते. तारेतला प्रवाह निम्मा झाला की तारेत जळणारी वीज चौथ्या हिश्शावर येते, हे इथल्या विद्युत विभागाच्या मंडळींना झोपेतही ठाऊक आहे. जास्त भार पडलेल्या फीडरच्या टोकाला दुपारी १८० व्होल्ट मिळत असतील, तर तिथेच तयार झालेली वीज व्होल्टेज सावरते, मोटरी जळायच्या थांबतात. मात्र जिथे फीडरच नाही तिथे पंपाला पर्याय नाही, आणि छत्तीसगढमध्ये अशा जागा पुष्कळ आहेत.

आता सुपेल्यात येऊ. रेल्वेलाईनच्या पलीकडे टाऊनशिपचे आखीव सेक्टर, तिथे प्लांटचा विद्युत विभाग वीज पुरवतो. अलीकडे सुपेला: जी.ई. रोड, घडी चौक, आकाशगंगाची भाजी मंडी, रविवारचा बाजार, एकाला एक चिकटलेली दुकाने आणि त्यांच्यावर घरे. इथे राज्याची वितरण कंपनी. सेक्टरमधली क्वार्टर्स राहणाऱ्यांच्या मालकीची नसल्यामुळे तिथे छताचा निर्णय रहिवाशाच्या हातात नाही. सुपेल्यात घरे लोकांच्या मालकीची आहेत. भिलाईत घरगुती सौर संच वाढायचे असतील तर ते इथे वाढतील.

पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान. तीन किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट सावलीमुक्त छत लागते. दिवसाला सरासरी बारा युनिट धरा. इथल्या लोकांनी इतकी वर्षे फारसा उत्साह दाखवला नाही, यात त्यांचा दोष नव्हता. २०१९ पासून ४०० युनिटपर्यंत अर्धे बिल माफ होते. अर्ध्या दराच्या विजेसमोर कुणी कर्ज काढून पॅनल कशाला बसवील? २०२५ मध्ये ती मर्यादा खाली आणली गेली आणि आता एजंट दारोदार फिरू लागले आहेत. म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

मे महिन्यात सर्वाधिक वीज मिळेल असे एजंट सांगेल. भिलाईच्या मेमध्ये हवा ४५ अंशांवर जाते, तेव्हा पॅनलमधला घट ६५-७० अंशांवर पोचतो. २५ अंशांच्या वर दर अंशाला सिलिकॉन साधारण ०.३५ टक्के क्षमता गमावते, म्हणजे भर दुपारी पंधरा टक्क्यांच्या आसपास घट. स्वच्छ आकाशाचा फेब्रुवारी-मार्च पॅनलला जास्त मानवतो. म्हणून पॅनल छताला चिकटवून बसवू देऊ नका, खालून वारा खेळला पाहिजे. उतार २१ अंशांच्या जवळपास, तोंड दक्षिणेला. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, पण वर्षाचा हिशेब दक्षिणेकडेच झुकतो.

दुसरी गोष्ट धूळ. जी.ई. रोडवरची आणि कारखान्यांची धूळ पॅनलवर बसते, दवाने भिजते आणि तिचा तांबूस पापुद्रा होतो. तो नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने निघत नाही. पहाटे, पॅनल थंड असताना, मऊ फडक्याने पुसावा. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नये. बोअरचे जड पाणी वापरले तर पांढरे डाग राहतात आणि ते धुळीपेक्षा चिवट असतात. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी एकसर जोडलेल्या साऱ्या रांगेची वीज खाली येऊ शकते. टाकी हलवणे पॅनल वाढवण्यापेक्षा स्वस्त पडते.

तिसरी गोष्ट लोकांना सर्वांत जास्त चकित करते. बाहेर लख्ख ऊन आहे, लाईन गेली आणि घरातला सौर संचही बंद पडला. फसवणूक झाली असे वाटते. बॅटरी नसलेला, ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर लाईन जाताच स्वतःहून बंद होतो, आणि तो बंद व्हायलाच हवा. खांबावर चढलेल्या लाईनमनला वाटते तार मृत आहे. तुमच्या छतावरून त्या तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. ही सोय काढून टाकतो म्हणणाऱ्या वायरमनला दारातूनच परत पाठवा.

चौथी गोष्ट संध्याकाळ. सूर्यास्तानंतर पॅनल काही देत नाही आणि विजेची मागणी तर तेव्हाच चढते. याचे एक उत्तर आपल्या शेजारी राजनांदगाव जिल्ह्यात उभे आहे. सोलर एनर्जी कॉर्पोरेशनचा १०० मेगावॅटचा प्रकल्प, सोबत ४० मेगावॅट आणि १२० मेगावॅट-तासांची बॅटरी, फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. म्हणजे दिवसा साठवलेली वीज संध्याकाळी तीन तास ४० मेगावॅटने देता येते. हे काम छोट्याच्या आवाक्यातले नाही. मोठ्याने ते करावे. छताने दुपारचा भार उचलावा. सुपेल्याच्या दुकानांचे पंखे, डीप फ्रीझर, झेरॉक्स, शिलाईच्या मोटरी दुपारीच चालतात. निर्मिती आणि वापर एकाच डीपीखाली, एकाच वेळी. सौर ऊर्जेला याहून सोयीची वस्ती शोधून सापडणार नाही.

आणि मग प्रश्न येतो तो देखभालीचा, ज्यापासून मी सुरुवात केली. पॅनल पंचवीस वर्षे चालते. इन्व्हर्टर साधारण दहा वर्षांनी बदलावा लागतो. बसवणारा ठेकेदार त्याआधीच दुसऱ्या गावी गेलेला असतो. शाळा आणि सरकारी कार्यालयांच्या छतांवर आजही संच दिसतात ज्यांचा इन्व्हर्टर लाल दिवा दाखवत कित्येक महिने पडून आहे, आणि तक्रार कुणी करायची हेच तिथे ठरलेले नाही. बिघाड बहुधा क्षुल्लक असतो. एमसी-४ कनेक्टर साध्या पकडीने दाबलेला, त्यामुळे सांधा सैल, मग तापतो, काळा पडतो आणि एके दिवशी वितळतो. योग्य क्रिम्पिंगच्या पकडीने तेच काम दोन मिनिटांत पक्के झाले असते.

कोरब्याच्या जंगलातल्या गावासाठी या राज्याने जी व्यवस्था लावली, ती सुपेल्याच्या छतांसाठी लावता येणार नाही का? इथे तर माणसांची वाण नाही. या सभागृहात प्लांटमधून निवृत्त झालेले असे लोक बसले आहेत ज्यांनी हजारो अँपिअरचे रेक्टिफायर सांभाळले. दुर्ग-भिलाईतल्या आयटीआयमधून दरवर्षी इलेक्ट्रिशियनची मुले बाहेर पडतात आणि कामाच्या शोधात नागपूर-पुण्याची गाडी पकडतात. शंभर घरांमागे असा एक मुलगा, प्रत्येक घराचे महिन्याला ठरलेले थोडे पैसे आणि त्या मुलाच्या डोक्यावर तुमच्यापैकी एकाचा हात. त्याने पहिल्या तारखेला प्रत्येक इन्व्हर्टरचे युनिट वहीत टिपावेत. शेजारच्या दोन सारख्या संचांत वीस टक्क्यांचा फरक दिसला की पुढचे निदान तुम्ही बसल्या जागी कराल.

आयोजकांशी मी बोललो आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता, बाजार भरायच्या आत, घडी चौकाजवळच्या ज्या घरांवर संच बसले आहेत त्यांतल्या काहींची तपासणी करायला घरमालकांनी परवानगी दिली आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी दाराशी नाव नोंदवावे. क्लॅम्प मीटर आणि अर्थ टेस्टर ज्यांच्याकडे असतील त्यांनी सोबत आणावेत. क्रिम्पिंगची पकड मी आणतो.